हरण्याचे मिटलेले डोळे

नळदुर्गापासून दोन कोसांवर, बोरी नदीच्या काठच्या गावात गंगम्मा कुंभारीण राहत होती. ती बोलायला गोड होती, असं तिच्या माहेरचं माणूसही म्हणालं नसतं. मडकं घ्यायला आलेल्या बाईनं ते दोनदा वाजवून पाहिलं, की गंगम्मा ते तिच्या हातातून काढून घ्यायची आणि सांगायची, भरोसा नसेल तर तांब्याची घागर घ्या जा. बाईमाणसानं चाकाला हात लावू नये, असा कुंभारांचा रिवाज. नवरा गेल्यावर चार दिवस तिनं वाट पाहिली आणि पाचव्या दिवशी स्वतः चाकावर बसली. गाव आठवडाभर बोललं. मग उन्हाळा आला, पाणी गार पाहिजे होतं, आणि गाव गप झालं.

निजामाच्या अमलाची ती शेवटची वर्षं. गावात देवीची साथ आली आणि नऊ पोरं गेली. त्यात गंगम्माची नात होती. तीन पोरं वाचली, पण त्यांचे डोळे गेले. विरुपाक्षाची जगदेवी त्यातलीच, तेव्हा आठ वर्षांची. तिची आई चन्नम्मा शेतात जाताना पोरीला ठेवणार कुठं? ती तिला गंगम्माच्या ओसरीवर बसवून जायची. गंगम्मा कुरकुरली. एक पोर गमावलेल्या बाईपुढं दुसऱ्याचं पोर आणून बसवायचं, हे काही बरं नव्हे. पण हाकलून द्यायचं काळीजही तिला नव्हतं. पोरीनं गप बसावं म्हणून तिनं तिच्या हातात चिखलाचा एक गोळा दिला.

दिवस मावळायच्या आत जगदेवीनं त्या गोळ्याचा एक पाय केला. स्वतःचाच, डावा. पाची बोटं, टाचेची भेग, सगळं होतं. गंगम्मानं तो पाय हातात घेतला आणि आत जाऊन पोटभर रडली. बाहेर येऊन मात्र म्हणाली, की करंगळी जरा जाड झालीय.

दुसऱ्या दिवसापासून मल्लिनाथ आणि गोरोबा, ही बाकीची दोघंही ओसरीवर दिसायला लागली. माती मळायची, तिच्यात राख मिसळायची, खडे बोटांनी वेचून टाकायचे, हे काम पोरं डोळसांपेक्षा चोख करत. मग गंगम्मा त्यांना हाताला धरून गावातल्या गोठ्यांतून हिंडवायला लागली. खुरापासून वशिंडापर्यंत बैल चाचपायचा आणि घरी येऊन मातीत करायचा, ही त्यांची शाळा. लोक दावणीपाशी उभे राहून हसत. आंधळं दळतंय आणि कुत्रं पीठ खातंय, असं कुणीतरी बोललं. कुत्र्याचं मी बघते, तुम्ही तेवढं दावं धरा, असं तिनं सुनावलं. माणसं हसली, पण दावं धरलं.

जगदेवीचा जीव वडिलांच्या हरण्या बैलावर. त्याच्या डाव्या शिंगाचं टोक मोडलेलं होतं आणि मानेवर जोखडाचा घट्टा होता. त्याच्या तोंडावरून हात फिरवत ती तासन्‌तास उभी राहायची.

त्या मुलखात ज्येष्ठाच्या पौर्णिमेला कारहुणवी असते. बैलांचा सण. कुंभारानं घरोघर मातीचे बैल द्यायचे आणि गोठ्यातल्या बैलांबरोबर त्यांचीही पूजा व्हायची. एका वर्षी गंगम्मानं ठरवलं, यंदाचे बैल पोरांच्या हातचे. ही पोरं कोपऱ्यात बसून जन्म काढणार, असं गावानं धरूनच ठेवलं होतं. त्यांच्या हातचं देवघरात गेलं, तर गाव त्यांना माणसात धरील, असं तिला वाटत होतं.

बैल वाळले. तिनं चुन्याचा हात द्यायला पहिला बैल उचलला आणि थांबली. बैलाचे डोळे मिटलेले होते. दुसऱ्याचेही, तिसऱ्याचेही. हे असं का, तिनं विचारलं, तर तिन्ही पोरांना प्रश्नच कळेना. हाताला बैलाचे डोळे असेच लागतात, पोरं म्हणाली. मग गंगम्माच्या ध्यानात आलं. डोळ्यावर हात आला की बैल पापणी मिटतो. पोरांनी उघडा डोळा जन्मात चाचपलेला नव्हता.

तिनं बैल तसेच घरोघर पाठवले. दुपारच्या आत ते परत आले. सगळ्यांच्या आधी आला विरुपाक्ष. माणूस वाईट नव्हता, पण सणाच्या दिवशी भेदरलेला होता. डोळे मिटलेला बैल म्हणजे मेलेला बैल, तो देवघरात मांडला तर गोठा ओस पडेल, असं तो ओसरीवर उभा राहून बोलला. चाकामागं जगदेवी बसली होती. तिनं सगळं ऐकलं.

पुढच्या वर्षी गंगम्मानं जे केलं, ते तिला आयुष्यभर टोचलं. पोरं घरी गेल्यावर तिनं एकेका बैलाची पापणी काडीनं कोरली आणि तिथं लाल गुंजा बसवल्या. गावानं बैल घेतले, वाखाणलेही. विरुपाक्षानं तर लेकीच्या हातचा बैल चार पाहुण्यांना दाखवला. पूजेच्या आधी जगदेवीनं त्याच्यावरून हात फिरवला आणि काठी टेकत तडक गंगम्माकडं आली.

"हरण्या माझ्या हाताखाली डोळं झाकायचा," ती म्हणाली. "तुमी उघाडलं. ह्यो माझा न्हाय."

ती परत ओसरीवर आली नाही. गंगम्मा दोनदा बोलवायला गेली, पोर कोपऱ्यातून हलली नाही. तिला कोपऱ्यातून बाहेर काढायला निघालेल्या बाईनंच तिला परत कोपऱ्यात बसवलं होतं.

त्यानंतरच्या उन्हाळ्यात रझाकारांची धास्ती वाढली आणि गावानं हद्द ओलांडून सोलापूरकडं जायचं ठरवलं. गाड्या जुंपल्या तर खडखडाट होईल, म्हणून माणसं पायीच निघाली. बैलांची दावी काढून त्यांना मोकळं सोडलं. मागं काय झालं, ते कुणाला कळलं नाही.

कारहुणवी आली तेव्हा सगळे हद्दीपलीकडच्या एका आमराईत, पालांत राहत होते. सकाळीच विरुपाक्ष गंगम्माच्या पालापुढं येऊन उभा राहिला. यंदा दावणच नाही, पूजा कशाची करू, असं तो म्हणाला. पोरीला हरण्या करायला सांगा, माझ्या तोंडून निघत नाही, एवढंच मग बोलला.

गंगम्मानं ओढ्याची माती आणली, मळली आणि जगदेवीपुढं ठेवली. वर्षभरात पोरीनं मातीला बोट लावलं नव्हतं. आधी तिनं बोटांनी त्यातले खडे वेचले. मग तिनं हात भिजवले.

बैल झाला. मोडकं शिंग, मानेचा घट्टा, मिटलेले डोळे. विरुपाक्षानं तो ओला बैलच ओंजळीत घेतला. घरदार सोडताना गंगम्मानं गुंजांची पुरचुंडी मात्र पदराला बांधून आणली होती. सवयीनं ती गाठ सोडायला लागली.

"राहू द्या," विरुपाक्ष म्हणाला. "दावं काढताना म्या त्याच्या तोंडावरनं हात फिरवला, तवा त्यानं बी असंच डोळं झाकलं." तो लेकीशेजारी मातीतच बसला आणि तिच्या खांद्यावर डोकं ठेवून रडला. पुढं त्यानं गुळाचा खडा बैलापुढं ठेवला. नैवेद्याला दुसरं काही नव्हतं.

हे बघून शेजारच्या पालातले लोक आले. कुणी म्हणालं, आमचा शिंगं मागं वळलेला. कुणी म्हणालं, आमच्या पांढऱ्याचा कान फाटका होता, पोरांच्या ध्यानात असेल काय? पोरांच्या सगळं ध्यानात होतं. मल्लिनाथ आणि गोरोबाही येऊन बसले.

गंगम्मानं गुंजा ओढ्यात टाकल्या आणि येऊन जगदेवीपुढं बसली. जन्मात कुणापुढं वाकली नव्हती ती बाई.

"चुकलं माझं, पोरी," ती म्हणाली.

जगदेवीचे हात चालूच होते. "माती सरत आली, आज्जी," ती म्हणाली. "लई बैल राह्यल्यात अजून."

गंगम्मा उठली, टोपलं घेतलं आणि ओढ्याकडं गेली.