ऐकू येण्याचा रकाना

आमच्या वस्तीत फॉर्म भरायचा असला की लोक माझ्याकडे येतात. दहावी झाल्यापासून हे चालू आहे. जातीचा दाखला, रेशनकार्डात सुनेचं नाव, कुणाची पेन्शन, कुणाच्या मुलाची भरती. घरातून कॉलेजला गेलेली मी पहिलीच, म्हणून मला सगळं येत असणार असं लोकांना वाटतं. खरं सांगायचं तर मलाही तसं वाटायला लागलं होतं. बारावीच्या सुट्टीत मी जुन्नरला एका ऑनलाइन सेंटरवर दोन महिने काम केलं. तिथल्या दादांनी मला एक गोष्ट शिकवली होती. "आजार, अपंगत्व, कोर्टकेस असलं काही विचारलं की सरळ 'नाही' करायचं. 'हो' केलं की कागद मागतात, आणि कागद मागितला की माणूस परत येत नाही."

मी तो नियमच धरला. नानांचा फॉर्मही मी तसाच भरला.

नाना म्हणजे माझ्या वडिलांचे चुलते, आणि माई त्यांची बायको. मढच्या अलीकडे, रस्त्याच्या खालच्या अंगाला आमची वस्ती आहे. तिथे नानांची पिठाची गिरणी होती, बत्तीस वर्षं. सुरुवातीला वरच्या आळीतली काही घरं आमच्याकडे दळण न आणता दुसऱ्या गावाला जायची, हे मी नुसतं ऐकलं आहे. माझ्या आठवणीत मात्र सगळ्या गावाचे डबे नानांच्या ओट्यावर रांगेने असायचे. गिरणी चालू असताना बोलून उपयोग नसे, म्हणून सगळा कारभार खुणांवर चाले. अंगठा बोटांवर चोळला की बारीक दळा. पंजा पालथा हलवला की जाड. छातीवर हात ठेवला की घाई आहे, आधी माझं घ्या. लहानपणी आम्हा मुलांना त्या खुणा बोलण्याइतक्याच येत होत्या.

रविवारी सकाळी नाना विहारात वंदना घेत. ते आमच्याकडे तोंड करून बसत, एकेक ओळ म्हणत, आम्ही मागून म्हणायचो. आमची ओळ संपेपर्यंत ते आमच्या तोंडाकडे बघत राहत. मला वाटायचं, कोण नीट म्हणतंय आणि कोण नुसतं बसलंय हे ते तपासतात.

गेल्या वर्षी भात काढून झाल्यावर नानांनी आमच्या घरी येऊन सांगितलं की त्यांना आणि माईला परदेशी जायचं आहे. धम्माचं काम करणारी एक संस्था आहे. ती वयस्कर जोडप्यांना दोन वर्षांसाठी बाहेरच्या देशांतल्या केंद्रांवर पाठवते. केंद्र सांभाळायचं, मुलांना वंदना शिकवायची, कुणी आपलं दुःख घेऊन आलं तर त्याच्याजवळ बसायचं. नाना-माईंसाठी केनियातल्या एका गावाचं चाललं होतं.

माझे वडील म्हणाले, "नाना, या वयात कशाला? हितं काय कमी हाय का?"

नाना म्हणाले, "छपन साली आमच्या बापांनी धर्म घेतला, तवा वस्तीत वंदना कुणालाच येत नव्हती. पलीकडच्या गावचा एक मास्तर दर आयतवारी डोंगर उतरून यायचा. आमी त्याच्या नात्याचं ना गोत्याचं. तरी आला ना? आता आपुन जायाचं."

फॉर्म इंग्रजीत होता, माझ्या मोबाइलवर आला होता. मी जुन्नरहून त्याची प्रिंट काढून आणली आणि त्यांच्या ओट्यावर बसून भरायला घेतला. दुसऱ्या पानावर आरोग्याचा तक्ता होता. साखर, दमा, हृदय, नजर, ऐकू येणं, यातला काही त्रास आहे का, असे चौदा प्रश्न, प्रत्येकासमोर हो किंवा नाही.

"वाच की एकेक," नाना म्हणाले.

"सगळीकडे तेच असतं नाना," मी म्हणाले. मला साडेदहाची एसटी गाठायची होती. मी वरपासून खालपर्यंत 'नाही'वर खुणा करत गेले. चौदा खुणांना अर्धं मिनिटही लागलं नसेल. मग सहीची जागा दाखवली.

"ह्ये वरती काय लिवलंय?"

"वरचं सगळं खरं आहे, म्हणून."

नानांनी चष्मा लावून, सावकाश, पूर्ण नावाची सही केली.

मग तयारी सुरू झाली. पासपोर्टच्या चौकशीला पोलीस मोटारसायकलवरून आला, तेव्हा शेजारचे काका ओट्यावर येऊन उभे राहिले. "नाना, काय केलंत राव?"

"पिठात भेसळ," आतून माई म्हणाली.

माईनं शेळ्या आणे गावी बहिणीकडे पोचवल्या. मी तिला इंग्रजीतली चार वाक्यं लिहून दिली होती, ती भाकरी थापताना म्हणायची. वेलकम. प्लीज सिट. बायका चिडवायच्या.

"माई, तिकडं सिंव्ह असत्यात म्हणं."

"असूंद्यात. यांच्याबरुबर चाळीस वर्सं काढली, सिंव्हाचं काय."

आणि निवडीची वाट न बघता नानांनी गिरणी विकली. फाट्यावरच्या एकानं घेतली. मोटर आणि दगड ट्रॅक्टरमध्ये चढवायच्या आधी पट्टा नानांनी स्वतः उतरवला. त्या दिवसानंतर वस्तीत इतकी शांतता झाली की आमची आई म्हणाली, कुणीतरी गेल्यासारखं वाटतंय.

मुलाखत व्हिडिओ कॉलवर होती. मैत्रिणीचा लॅपटॉप मी मागून आणला आणि त्यांच्या पुढच्या खोलीत टेबलावर ठेवला. स्क्रीनवर एक मॅडम होत्या. त्या हळू आणि स्पष्ट बोलत होत्या, नाना छान उत्तरं देत होते. मी भिंतीला टेकून, कॅमेऱ्यात दिसणार नाही अशी बसले होते. मग दुसरे एक सर बोलायला लागले. त्यांचा कॅमेरा बंद होता. काळा चौकोन, आणि त्यातून आवाज.

"तुमच्याकडे कुणी रडत आलं, त्याच्या घरात मृत्यू झालाय, तर तुम्ही काय कराल?"

नाना त्या काळ्या चौकोनाकडे बघत राहिले. मग हसून म्हणाले, "आमचं काय न्हाई सायेब, भात म्हना, भाकरी म्हना, सगळं चालतं."

तेवढ्यात टेबलाच्या कडेखाली माईचा हात हलताना मला दिसला. तिनं डोळ्यांखालून बोट ओढलं, मग छातीवर हात ठेवला, म्हणजे रडणाऱ्याचं आधी घ्या. नानांनी तिच्याकडे मान न वळवता ते पाहिलं आणि लगेच सावरले. म्हणाले, कुणी रडत आला तर मी आधी काही बोलणार नाही, त्याच्याशेजारी बसेन.

"नेटवर्कचा प्रॉब्लेम दिसतोय," सर म्हणाले.

"हो सर, इथे रेंज नसते," मी भिंतीजवळून म्हणाले. रेंज पूर्ण होती. कुणी मला बोलायला सांगितलं नव्हतं.

कॉल संपल्यावर माई मागे भांडी घासायला बसली. मी तिच्याजवळ जाऊन विचारलं, नानांना नीट ऐकू येत नाही का.

"तुला म्हाईत नव्हतं?" तिलाच नवल वाटलं. "उजव्यानं तर पार न्हाई. डाव्यानं वाईच येतं. गिरणीनं खाल्लं सगळं. सबंद वस्तीला म्हाईत हाय." मग तिनं हात थांबवला. "तू फारमात लिवलं आसशील की."

मी मान हलवली. त्याचा अर्थ हो की नाही, ते मी तिच्यावर सोडलं.

इतकी वर्षं मी त्यांच्यासमोर वंदना म्हटली, त्यांच्या खुणा शिकले, आणि मला कळलं नव्हतं. सगळ्यांना माहीत होतं म्हणून कुणी कधी बोललंच नव्हतं.

पाच दिवसांनी निवड झाल्याचं पत्र आलं. विहारात नाना-माईंना फुलं दिली. कुणीतरी माझ्याकडे बोट दाखवून म्हणालं, "हिनं धाडलं त्यांना." मला ते आवडलं, हेही लिहायला पाहिजे. संध्याकाळी नाना म्हणाले, "आता हे पत्र तरी एकेक वळ वाच." मी वाचत गेले. तिसऱ्या परिच्छेदात होतं, अर्जात आपण दिलेल्या आरोग्याच्या माहितीवर विसंबून ही निवड केली आहे.

"मंग माझ्या कानाचं काय लिवलं व्हतंस?" त्यांनी अगदी सहज विचारलं.

मी सांगितलं. सेंटरवरच्या दादांचा नियमही सांगितला, साडेदहाच्या एसटीचंही सांगितलं. ते ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी आपल्या हाताकडे बघितलं.

"सही माझी हाय," ते म्हणाले.

माई म्हणाली, "मी हाये की बरुबर. इतकी वर्सं कान म्हणून कोण हाय?"

"आन तू अंथरुणाला खिळलीस तर? कुनी मयताचं सांगत येईल, आन मी भाकरीचं बोलीन." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "लिव्ह. चूक झाली, ऐकू येत न्हाई. आजच धाड."

मी त्यांच्यासमोर मोबाइलवर सहा ओळी लिहिल्या. घरी जाऊन पाठवते म्हणाले. पाठवल्या नाहीत.

एक दिवस गेला, मग दुसरा. कॉलेजला जाताना एसटीत मी तो मेल उघडायचे आणि बंद करायचे. गिरणी गेली होती, शेळ्या गेल्या होत्या, माईनं दोघांचे स्वेटर विणून ठेवले होते. केंद्रावर कोण कान तपासायला बसलंय, असं मी स्वतःला सांगायचे. पण त्याखाली दुसरं होतं. पाठवलं आणि त्यांचं जाणं रद्द झालं, तर ते कुणामुळे, हे सगळ्यांना कळणार होतं. नाना रोज विचारायचे, "आलं का उत्तर?" मी म्हणायचे, "अजून नाही." तेवढं खरंच होतं. न पाठवलेल्या पत्राचं उत्तर कुठून येणार.

रविवारी विहारात तीसेक माणसं होती. नाना समोर बसले. पंचशील सुरू झालं. पहिलं, दुसरं, तिसरं मी सगळ्यांबरोबर म्हटलं. चौथं खोटं न बोलण्याचं असतं. लहानपणापासून ते माझ्या तोंडून आपोआप येतं, त्या दिवशी आलं नाही. बाकीच्यांच्या आवाजात माझा एक आवाज कमी झाला तर कुणाला समजणार होतं. मी खाली बघितलं, आणि पाचव्याला परत सुरू केलं.

वंदना संपल्यावर मी चपला घालत होते. नाना मेणबत्त्यांचं मेण खरवडत होते. मान वर न करता म्हणाले, "चवथ्याला तुझं तोंड मिटलेलं व्हतं."

तेव्हा मला कळलं, ते दर रविवारी आमच्या तोंडाकडे का बघत असायचे ते.

"धाडलं न्हाईस ना?"

मी मान हलवली. या वेळी अर्थ त्यांच्यावर सोडला नाही. "नाही धाडलं," असं त्यांच्यासमोर, त्यांना दिसेल असं म्हटलं. मोबाइल काढला आणि विहाराच्या पायरीवरच ते पत्र पाठवून दिलं. पाठवण्याआधी खाली एक ओळ वाढवली, की फॉर्मवरच्या खुणा मी केल्या आणि रेंजचंही मी खोटं बोलले. नानांनी ती ओळ वाचायला लावली नाही.

दहा दिवसांनी उत्तर आलं. भाषा चांगली होती. या खेपेला दुसऱ्या जोडप्याला पाठवतो आहोत. कानांची तपासणी करून, मशीन बसवून, पुढच्या वेळी पुन्हा अर्ज करावा. तेव्हा विचार होईल. निवड होईलच असं त्यात कुठेही नव्हतं.

माझे वडील दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. शेजारचे काका म्हणाले, "एका खुणेसाठी एवढं? तिकडं कोन कान बघाया येनार व्हतं?" बहुतेकांना माझी चूक फॉर्म खोटा भरल्याची वाटली नाही, पत्र पाठवल्याची वाटली. माईनं भाकरी थापताना इंग्रजी म्हणणं बंद केलं, आणि ते मला सगळ्यात जास्त लागलं. बहीण शेळ्या परत घेऊन जा म्हणाली, तर माई म्हणाली राहू देत.

नानांची तपासणी पुण्यात झाली, मी बरोबर गेले होते. डाव्या कानाला मशीन बसलं. परत येताना फाट्यावर उतरलो तर त्यांचीच जुनी गिरणी तिथे चालू होती. नाना उभे राहिले. बत्तीस वर्षं जिच्याजवळ बसले, तिचा आवाज त्यांनी बऱ्याच काळानं ऐकला. कानावर हात ठेवून म्हणाले, "एवढी वरडायची व्हय ही?" आणि हसले. माई हसली नाही. ती दळणाच्या डब्यांकडे बघत होती.

मागच्या आठवड्यात नवा फॉर्म आला. तोच तक्ता, तेच चौदा प्रश्न. मी त्यांच्या ओट्यावर बसले. मशीन कानात असूनही नाना माझ्या तोंडाकडेच बघत होते. मी एकेक प्रश्न मराठीत वाचला आणि ते सांगतील तिथे खूण केली. एसटी वरच्या रस्त्यावरून निघून गेली, तिचा हॉर्न आम्हा तिघांनाही ऐकू आला. नवव्या, ऐकू येण्याच्या प्रश्नाला मी थांबले.

"हो कर," नाना म्हणाले.

समोर तपशील लिहायला दोन ओळी होत्या. नाना सांगत गेले, मी लिहीत गेले. गिरणी, बत्तीस वर्षं. उजवा कान बंद. डाव्याला मशीन. जागा संपली, तेव्हा दारात उभी असलेली माई म्हणाली, "मागच्या बाजूला लिव्ह, बायकूला खुणा येत्यात."

मी पान उलटलं.