आई बोललीच नव्हती

भूत, करणी, चमत्कार… यातलं काहीच मी मानत नाही. गोंदियाला कॉलेजात फिजिक्स शिकवतो. गावच्या प्रार्थनाघरात जातो तोही आईला सोडायला, तेवढाच. तरी हे लिहितोय, कारण त्या वेळी मी स्वतः तिथे उभा होतो.

आमचं गाव केशोरीकडे, जंगलाला लागून. समोरच्या मंसारामने रानडुकरांसाठी धानाच्या बांधावर करंटची तार लावली आणि कोणाला सांगितलं नाही. पहाटे पाणी बघायला गेलेले माझे बाबा त्या तारेला चिकटून गेले. मंसाराम जामिनावर सुटला आणि पुन्हा समोरच राहू लागला.

आम्ही आजोबांपासून ख्रिस्ती. पण बाबा गेल्यापासून प्रभूच्या प्रार्थनेत क्षमेची ओळ आली की आई तोंड मिटून बसायची. प्रार्थनाघराचे पाळकसाहेब समजवायचे — क्षमा ही देवाची आज्ञा आहे, आपण केली नाही तर आपल्यालाही मिळत नाही. आई म्हणायची, "आज्ञा त्यानं देली, पन नवरा माझा गेला न!"

मागच्या उन्हाळ्यात मंसारामला नागपूरच्या दवाखान्यातून घरी पाठवलं. आता काही उपाय नव्हता. त्याची बायको आमच्या दारात आली. "एक डाव या वहिनी. जीव अडकून राहिला त्यायचा."

आई चक्क उठली. रस्ता ओलांडताना मला म्हणाली, "येऊन राहिली मी, पन बोलनार नाही. मरताना पाहू दे मले त्याले." खरं सांगतो, मला तिची भीती वाटली.

भर दुपार होती. लाइट गेलेली, त्यामुळे पंखाही बंद. आई खाटेजवळ उभी राहिली, तिचा दंड माझ्या हातात. ओठ घट्ट मिटलेले. मंसाराम नुसता तिच्याकडे बघत होता.

आणि एकदम त्याने हात जोडले. "ऐकलं वहिनी… लय उपकार झाले."

त्याची बायको आईच्या पायावर पडली. "'जा, तुझ्यावर माझा राग नाही' म्हनलं तुमी! एवढं मोठं मन!"

घरी येताच आईने मला धरलं. "मी बोलली का रे?"

"नाही."

"मग कोन बोललं?"

संध्याकाळी मंसाराम गेला. शांतपणे गेला म्हणे.

मरणाऱ्याला भास होतात, मान्य. पण बायको तर चांगली धडधाकट होती, आणि ती आजही शपथेवर सांगते की आवाज आईचाच होता. मी आईला खेटून उभा होतो… मला काहीच ऐकू आलं नाही.

गावभर आईचं कौतुक झालं. पाळकसाहेब घरी आले, म्हणाले, "देवाची दया आहे ही. तुमच्या तोंडून तोच बोलला."

आईचा चेहरा लालबुंद झाला.

"मग त्यालेच विचारा पाळकसाहेब. माफी देली माझ्या नावानं, मले न विचारता. अन माझ्या पोटात हे जळून राहिलं, हे काऊन ठेवलं?"