सुजाताचं धुपाटणं

इथे परदेशात, क्लेमेंटीच्या हॉकर सेंटरमध्ये, खाण्याच्या स्टॉलांच्या गर्दीत मी जेवत होते, तेव्हा नागपूरहून सुजाताच्या भावाचा, विवेकचा फोन आला. "ताई, सुजाता गेली..." एवढंच तो बोलू शकला. उपचारांसाठी ती घरी गेली, त्याला तेव्हा चार महिने झाले होते. आता आणखी सात आठवडे उलटलेत, आणि मी अजून दोघींपुरती भाजी आणते.

चार वर्षं आम्ही एका फ्लॅटमध्ये राहिलो. मी आंग मो किओ भागातल्या ऑफिसात कॉम्प्युटरशी डोकं फोडणारी, ती युनिव्हर्सिटीत मातीच्या भांड्यांपायी वेडी. मेक्सिकोतले मिश्तेक लोक पूजेत कोपाल नावाचा झाडाचा डिंक जाळतात. त्यांच्या जुन्या धुपाटण्यांतली काजळी ती तपासायची. ताडून पाहायला तिने स्वतः एक धुपाटणं घडवलं होतं, लांब दांड्याचं, पळीसारखं. दर रविवारी सकाळी खिडकीशी बसून ती त्यात कोपाल जाळायची. काजळीचे थर साचू द्यायचे, यासाठी तो सगळा खटाटोप.

आणि मी काय केलं? दिवाळीआधी घर आवरताना माझ्या समईबरोबर तिचं धुपाटणंही साबण लावून खसाखसा घासलं! काळं भांडं तसंच ठेवणं म्हणजे आमच्या घरी शुद्ध आळस. वर्षभराची काजळी सिंकमधून वाहून गेली. संध्याकाळी सुजाताने ते हातात घेतलं, उलटसुलट करून पाहिलं. मग हसत सुटली. "अगं बाई, माझं वर्ष धुऊन काढलंस की!" मला रडूच कोसळलं. शेवटी चहा तिनेच केला, आणि पुढच्या रविवारी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली.

"गेलेली माणसं या वासावर घरी येतात, असं मिश्तेक लोक मानतात," ती एकदा म्हणाली.

"तुला पटतं?"

"छे गं. आम्ही बौद्ध, आत्मा मानत नाही. पण वाट बघणं कळतं मला."

गेल्या आठवड्यात तिच्या वस्तू नागपूरला पाठवल्या. पुस्तकं, वह्या, कपडे, सगळं. विवेकने विचारलं, "आणि ते धुपाटणं, ताई? आई सारखी विचारते."

मी म्हटलं, "फुटलं रे."

फुटलेलं नाही. खिडकीत आहे, काळंकुट्ट. कामावरून येऊन दार उघडलं की घरात अजून कोपालचा वास असतो, आणि क्षणभर वाटतं, ती आत आहे. हे छापून आलं की विवेकला कळेल. तो रागावेल, आणि ते बरोबरच आहे. आईंचा हक्क माझ्यापेक्षा मोठा. पाठवीन रे, नक्की पाठवीन... फक्त वास जाईपर्यंत थांब.