पळायचं नाही

लुआंग्वा नदीकाठच्या आमच्या कॅम्पात नवे पाहुणे उतरले, की योतामू साकाला त्यांना चिंचेखाली बसवून बजावायचा. तहान लागायची वाट न बघता पाणी प्या, उन्हात टोपी काढू नका, हिवतापाच्या गोळ्या जेवणावर घ्या, दिवस कलला की अंगभर कपडे घाला, मच्छरदाणी गादीखाली नीट खोचा, तंबूतून एकटं बाहेर पडू नका. शेवटचा नियम सांगताना तो आवाज खाली आणायचा. "जनावर समोर आलं तर पळायचं नाही. पळालेल्या माणसाला मी अजून परत आणलेलं नाही." पाहुण्यांचे चेहरे उतरायचे. मागे किटली घासता घासता मला त्याच्या रुबाबाचं हसू यायचं. पण वाटाड्या चांगला होता, ते नाकारणार नाही.

हा रुबाब उतरवायला कापेम्ब्वा होता, आमचा आचारी. तो बेंबा जमातीचा, योतामू आणि मी पूर्वेकडच्या जमातीचे. या दोन जमातींत पिढ्यान्पिढ्या थट्टेचं नातं. काहीही बोला, अगदी मयतीतही, राग धरायचा नाही. तो योतामूला उंदीरखाऊ म्हणायचा, योतामू त्याला माकडखाऊ. योतामूची आई गेली तेव्हा हा बाबा तिच्यासाठी खणलेल्या खड्ड्यात जाऊन आडवा झाला आणि कोंबडी कबूल केल्याशिवाय उठेना. रडून डोळे सुजलेला योतामू त्या दिवशी तेवढाच एकदा हसला.

आणि मग ती सकाळ आली. आम्ही पायी निघालो होतो. पुढे बंदूकवाला दालिसो, मग योतामू, त्याच्यामागे एकट्याच आलेल्या पाहुण्या मार्गिटबाई, शेवटी चहाचं सामान घेऊन मी. उंच गवतातून एक म्हातारा रानरेडा उठला आणि सरळ आमच्यावर आला. दालिसोनं बंदूक रोखली. योतामू वळला आणि पळाला. मला धक्का देऊन पळाला. किटली एकीकडे, मी एकीकडे. मार्गिटबाई मात्र सांगितल्याप्रमाणे टोपी घट्ट धरून जागच्या जागी उभ्या राहिल्या. रेडा थबकला, फुरफुरला आणि नदीकडे निघून गेला. योतामू वारुळाआडून बाहेर आला तेव्हा त्याचा शर्ट काट्यांनी भरला होता आणि तो कोणाकडेच बघत नव्हता.

दुपारी जेवताना मार्गिटबाईंनी सगळ्यांना सांगितलं, की रेड्याला आपल्या मागे ओढून न्यायला हा माणूस जिवावर उदार होऊन पळाला. टाळ्या पडल्या. कॅम्पच्या मालकसाहेबानं हात मिळवला. योतामूनं तिथल्या तिथे नाही म्हणायला हवं होतं. तो ताटाकडे बघत बसला. माझीच मान शरमेनं खाली गेली.

स्वयंपाकघरात दालिसोनं खरं काय ते सांगून टाकलं. संध्याकाळी आम्ही न्शिमा, मक्याच्या पिठाचे घट्ट गोळे, खायला बसलो तेव्हा सगळ्यांचे कान कापेम्ब्वाकडे होते. वर्षभर पुरेल एवढी थट्टा त्याच्या हाती लागली होती. त्यानं योतामूपुढे ताट ठेवलं, माशाचा चांगला तुकडा वाढला आणि म्हणाला, "जेवून घ्या."

घ्या! ज्याला आईच्या मातीलाही त्यानं अरेतुरे केलं, त्याला आज अहोजाहो.

योतामूनं हातातला गोळा खाली ठेवला. "बोल की, माकडखाऊ."

"मी काय बोलणार? धाडसाचं काम केलंत तुम्ही."

योतामू न जेवता उठला. त्याला कोणी थांबवलं नाही, मीही नाही.

दुसऱ्या दिवशी एक तरुण जोडपं आलं. योतामूनं चिंचेखाली पाणी, टोपी, गोळ्या, मच्छरदाणी सगळं सांगितलं, आणि शेवटच्या नियमापाशी अडकला. शेजारी बसलेल्या मार्गिटबाईंनीच मग कौतुकानं कालची हकिगत ऐकवली. नवरा मन लावून ऐकत होता. त्यानं योतामूला विचारलं, "म्हणजे हिच्या अंगावर जनावर आलं, तर मी पळून त्याला लांब न्यायचं?"

कापेम्ब्वा चहाचा ट्रे घेऊन स्वयंपाकघराच्या दारात उभा होता. योतामूनं एकदा त्याच्याकडे पाहिलं. मला वाटलं, हा परत पळणार.

"नाही," तो म्हणाला. "पळालात तर तुम्ही मराल, कदाचित ह्यापण. मी काल कुणाला वाचवायला पळालो नव्हतो. घाबरून पळालो. ह्या बाईंना मागे टाकून पळालो."

मार्गिटबाईंचा चेहरा आधी लाल झाला, मग पांढरा. टाळ्यांची त्यांनाही लाज वाटली असावी. त्या उठल्या आणि साहेबाकडे जाऊन दुसरा वाटाड्या मागून आल्या. योतामू तसाच उभा होता. तरुण नवरा जमिनीकडे बघत होता, त्याची बायको योतामूकडे.

संध्याकाळी योतामू आमच्यापासून लांब, भिंतीकडे तोंड करून बसला. कापेम्ब्वा ताट घेऊन तिथपर्यंत गेला आणि ते त्याच्यापुढे आदळलं.

"धर रे, उंदीरखाऊ. सावकाश खा. पळायचं नाही."

योतामूनं मान वर केली नाही. त्याचे खांदे हलत होते. पण त्यानं हात धुतले आणि ताटातलं सगळं संपवलं.