विस्तव मागणारी आजी

"हाय का जरासं?"

दारात उभी राहून ती एवढंच म्हणायची. काय हवंय ते सांगायची नाही. आपण विचारायचं, "काय हवं, आजी?" मग ती मान लांब करून आपल्या स्वयंपाकघरात डोकवायची आणि जे दिसेल ते मागायची. मिठाची बरणी दिसली तर मीठ, चुलीपाशी आगपेटी दिसली तर आगपेटी. एकदा काहीच दिसलं नाही, तर माझी छत्री घेऊन गेली, आणि तीही ऐन जानेवारीत! म्हणजे घरून निघताना तिला कशाचीच गरज नसायची. हे कळायला मला चार वर्षं लागली, आणि मी म्हणे शिक्षक.

लाखनीहून आत, तलावाच्या काठावरचं हे गाव. बहुतेक घरं मासे धरणारी. आजीही पाटीत मासे घेऊन शेजारच्या गावांत विकायची. तिचं नाव मतदारयादीत असेलच, पण आम्ही सगळे तिला नुसतं आजी म्हणायचो. मी हातमागवाल्यांच्या घरातला. आमच्याकडे रिकामी वाटी घेऊन कुणाच्या दारात जाणं म्हणजे नाक कापून घेणं. बदली होऊन इथं आलो त्याच्या दुसऱ्याच दिवशी ही बाई दारात! मी बायकोला म्हटलं, "घ्या, शेजार चांगला मिळाला."

उसनं ती परत करायची, आणि वाटी कधी रिकामी आणायची नाही. मीठ नेलं तर मिठावर चार लसणाच्या पाकळ्या असायच्या. पण मला रागच यायचा. साधी गोष्ट माझ्या डोक्यात आली नाही, की ती वाटी परत द्यायला आली की बायकोशी तासभर बोलते, आणि पंधरा दिवसांत अख्खी आळी आमच्या घरात ये-जा करू लागली होती.

आता वणव्याचं सांगतो.

आमच्या गावापासून चारेक किलोमीटरवर, डोंगराच्या पायथ्याला एक टोली, म्हणजे छोटी वस्ती आहे. चौदा घरं, सगळी गवताच्या छपरांची. उन्हाळ्याच्या तोंडाला तिथली माणसं मोहफुलं वेचतात. फुलं नीट दिसावीत म्हणून झाडाखालचा पाला आधी पेटवून जमीन साफ करतात. पेटवू नका म्हणून दरवर्षी सांगणारे सांगतात, आणि दरवर्षी सगळे पेटवतात. त्या दिवशी फुलवंता नावाच्या बाईनं पेटवलेला पाला विझल्यासारखा दिसला म्हणून ती टोपली घेऊन घरी गेली. दुपारी वारा सुटला. संध्याकाळपर्यंत टोलीत भिंती तेवढ्या उभ्या होत्या.

माणूस कुणी दगावलं नाही, हे नशीबच. सगळे पायी आमच्या गावात आले. आम्ही त्यांना शाळेत उतरवून घेतलं.

गाव मागे हटलं नाही, हे मला अभिमानानं सांगायचंय. मासेमारांनी त्याच संध्याकाळी तलावात जाळं टाकलं. घराघरातून तांदूळ आले, लाखोळीची डाळ आली. माझ्या भावानं गावाकडून हातमागाच्या चादरी पाठवल्या. जुन्या कपड्यांचा तर ढीग लागला. त्यात कुणीतरी लग्नातला कोट दिला होता, कुणी नुसता टाय! डोक्यावरचं छप्पर गेलेल्या माणसानं टाय लावून जायचं कुठं, ते देणाऱ्यालाच ठाऊक.

व्यवस्था माझ्याकडे होती. मी पाळ्या लावल्या, तक्ता केला, भिंतीवर चिकटवला. आणि एक नियम केला : टोलीच्या लोकांनी कशालाही हात लावायचा नाही. ते आपले पाहुणे. पाणीसुद्धा आपण भरायचं. मला वाटलं, याहून माणुसकी ती काय!

चौथ्या दिवशी शाळेत गेलो, तर आजी वाटी घेऊन वर्गखोलीच्या दारात उभी. आत टोलीची माणसं भिंतीला टेकून बसलेली.

"हाय का जरासं?"

माझं डोकंच फिरलं. ज्यांचं सगळं जळालं, त्यांच्याकडे मागायला आलीस? मी तिला बाजूला घेतलं. "आजी, जनाची नाही तर मनाची तरी!"

"काहून गुर्जी? तुमीच त हळदीचे पुडे वाटले. त्याइच्यापाशी हाय, मायापाशी नाई."

"मग माझ्या घरून ने."

"तुमच्या घरून त रोजच नेतो." मग म्हणाली, "गुर्जी, चार दिसापासून पाहून राहिली. नुसतं देत राह्यलं का मानूस खाली बसते. त्याच्यापाशी मागतलं का उठते."

मी काही बोलणार तोच आतून एक म्हातारी खरंच उठली. चार दिवस ती भिंतीपासून हलली नव्हती. तिनं हळद दिली. वर म्हणाली, "येवढ्यानं काय होते? अजून ने."

दुसऱ्या दिवशी वाटी परत आली, हळदीवर मूठभर सुके झिंगे घेऊन. त्यानंतर आजीनं टोलीला सोडलं नाही. कुणाला म्हणे जाळं फाटलंय, गाठी मारून दे. कुणाला म्हणे नातीच्या बारशाला पत्रावळी टाचून दे. नात तेव्हा सात महिन्यांची होती, बारसं केव्हाच झालेलं! पण पळसाची पानं आली, बायका टाचायला बसल्या, आणि वणव्यानंतर पहिल्यांदा त्या वर्गात मला हसणं ऐकू आलं. आठवड्याच्या आत शाळेच्या मैदानात तीन दगडांच्या तेरा चुली मांडल्या गेल्या. माझा तक्ता भिंतीवर तसाच होता. कुणी काढला नाही, बघितलाही नाही.

चुली तेरा होत्या, घरं चौदा. चौदावी चूल फुलवंताची.

टोलीच्या पंचांनी ठरवून टाकलं होतं. पावसाच्या आधी घरं नव्यानं उभी करायची, पण फुलवंताचं करायचं नाही. तिनं बपेऱ्याकडे माहेरी निघून जावं. तोवर तिच्या हातचं पाणी प्यायचं नाही, तिच्या चुलीतला विस्तव घ्यायचा नाही. आपल्याकडे माणसाला वाळीत टाकायचं म्हणजे हेच दोन दरवाजे बंद करायचे. तिचा नवरा पुरुषांत जाऊन बसायचा आणि मान वर करायचा नाही. खरं तर टोलीतल्या प्रत्येकाच्या मोहाखाली जळलेल्या पाल्याचं काळं वर्तुळ होतं. वारा हिच्या पाल्याला लागला, एवढाच काय तो फरक. पण हे बोलायचं कुणी? मीही बोललो नाही. बाहेरच्यानं त्यांच्या पंचांत कशाला पडायचं, असं मी बायकोला सांगितलं. खरं कारण, मला भीती वाटली.

फुलवंता व्हरांड्याच्या टोकाला, घंटेखाली बसायची. नवरा आणून देईल ते खायची. आगपेटी दिसली तरी तोंड फिरवायची.

आजीनं तिच्याकडे दोन दिवस काही मागितलं नाही. मला वाटलं, इथं हिचीही हिंमत सरली.

तिसऱ्या दिवशी सकाळी आजी तीन दगड घेऊन आली आणि घंटेखाली मांडून गेली. थोड्या वेळानं काटक्या आणून टाकल्या. "आता माया मुलाले चहा पायजे, तू कर," असलं काही म्हणेल म्हणून मी पाहत होतो. ती सरळ घरी निघून गेली. फुलवंता त्या दगडांकडे बघत बसली. मग उठली, नवऱ्याकडून आगपेटी घेतली. तिच्या तीन काड्या फुकट गेल्या. चौथी लागली.

चूल चांगली धगधगल्यावर आजी पुन्हा आली. या खेपेला वाटी नव्हती, हातात गोवरी होती. सगळ्या मैदानातून, तेराही चुलींसमोरून, अगदी सावकाश चालत आली. पंच तिथंच दात घासत बसले होते.

"हाय का जरासं?"

फुलवंतानं वर पाहिलं. "काय, आजी?"

"इस्तो. मायी चूल इझली."

जिच्या आगीनं टोली गेली, तिच्याकडे ही बाई विस्तव मागत होती.

"मायाजवळचा इस्तो कायले नेतेस आजी?" फुलवंता रडायलाच लागली. "गाव जाळलं मी."

"चूल पेटवाले कोनाचाबी इस्तो चालते," आजी म्हणाली. "दे लवकर. माया भात राह्यला."

फुलवंतानं निखारा काढून गोवरीवर ठेवला. आजीनं फुंकर घातली, धूर निघाला, आणि ती आली तशीच सगळ्यांसमोरून चालत गेली. पंचांसमोर मुद्दाम थांबली आणि पुन्हा एकदा फुंकली. बाप्पा! त्या म्हातारीला कुणाचं भ्या नव्हतं.

लगेच सगळं बदललं असं नाही. दुसऱ्या दिवशी हळद देणारी ती म्हातारी फुलवंताकडे विस्तव मागायला गेली. नंतर आणखी दोघी. काही घरांतलं कुणी कधीच गेलं नाही. पण पावसाच्या आधी बांबू-बल्ल्या रोवल्या तेव्हा चौदाव्या घराच्याही रोवल्या. जरा कडेला, पण टोलीतच. पंचांनी अडवलं नाही.

गेल्या हिवाळ्यात आजी गेली. धानाची मळणी चालू होती. दुपारी मासे विकून आली, पाटी उतरवली, टेकून बसली, ती उठलीच नाही.

मयतीच्या घरी चूल पेटत नाही, शेजारीपाजारी जेवण नेतात. ते आम्ही केलं. मी पुन्हा पाळ्या लावल्या, पुन्हा तक्ता केला. सवय! तिसरा दिवस गेला, पाचवा गेला, आठवा गेला. डबे जात होते, आणि आजीची सून भिंतीला टेकून बसलेली होती. डबा घेई, बाजूला ठेवी. मला वाटलं, डब्यांत भाजी वाढवायला हवी.

नवव्या दिवशी सकाळी मीच डबा घेऊन गेलो होतो. दारात फुलवंता आली, टोलीवरून पायी. हातात गोवरी.

"हाय का जरासं?"

सुनेनं मान वर केली. तिचे डोळे भरून आले. "काय वं?"

"इस्तो."

चार किलोमीटर विस्तव कसा नेणार ही बाई? हे माझ्या अगदी जिभेवर आलं होतं. जन्मात एकदा मी वेळेवर गप्प बसलो.

"चूल पेटली नाई वं," सून म्हणाली. "नऊ दिस झाले."

"मंग पेटव. मले काई घाई नाई." आणि फुलवंता उंबऱ्यावर बसली.

सून भिंतीला हात लावून उठली. चुलीतली राख काढली, काटक्या रचल्या, फळीवर चाचपडलं. मग माझ्याकडे वळली.

"गुर्जी, आगपेटी हाय का?"

डबा तिथंच ठेवला आणि मी घराकडे पळत सुटलो.