देवरे सरांचा ग्रीक गव्हर्नर

कॉलेजात सिलॅबस बदलतो, बेंच बदलतात, स्टाफरूमचा चहा तेवढा बदलत नाही. त्या चहाबरोबर किस्से साचत जातात. आमच्या धुळ्याच्या कॉलेजातले निम्मे किस्से इतिहासाच्या देवरे सरांचे, आणि त्यात एक माणूस हटकून येणार: आधुनिक ग्रीसचा पहिला गव्हर्नर!

सर विभागप्रमुख, मी त्यांच्या हाताखालची नवी लेक्चरर. पहिल्याच दिवशी त्यांनी विचारलं, "मॅडम, देश शून्यातून उभा करायचा, तर सुरुवात कुठून कराल?"

"राज्यघटनेपासून," मी रुबाबात म्हटलं.

"त्यानं शाळांपासून केली. आणि बटाट्यापासून."

*

बटाट्याची गोष्ट सर दरवर्षी सांगत. लढाईनं उपाशी पडलेल्या देशात गव्हर्नरनं बटाटे आणले. लोक ढुंकून बघेनात. मग म्हणे त्यानं ढिगाभोवती कडक पहारा लावला आणि पहारेकऱ्यांना सांगितलं, कुणी चोरलं तर तिकडे बघू नका. ढीग गायब!

मागच्या बाकावरून सावद्याची एक मुलगी उठली. "सर, आमच्या केळीच्या बागेला पहारा आहे, तरी घड जातात. मग माझे बाबा पण गव्हर्नरच!"

सरांना चष्मा काढून डोळे पुसावे लागले.

हीच गोष्ट कॉमर्सच्या छाजेड सरांनी ऐकली. त्यांचं तीन पिढ्यांचं कापड दुकान. ते म्हणाले, "माल आत ठेवला की गिऱ्हाईक वाढतं, हे आमच्या आजोबांना ग्रीसला न जाता माहीत होतं!"

*

सरांच्या घरी गव्हर्नरची तसबीर आहे. सरांच्या मिसेसना आम्ही सगळे अक्का म्हणतो. मी तसबिरीकडे बघतेय हे पाहून त्या अहिराणीत म्हणाल्या, "त्यानी लगीन करं नही, म्हनीसन त्याले देश चालावता उना!"

सर चहाचे कप उचलून आत गेले.

*

एक गोष्ट मात्र सरांना जमत नसे. गव्हर्नरचा शेवट. रविवारी सकाळी तो चर्चला निघाला, इथवर सर रंगून सांगत. चर्चच्या दाराशी त्याचे मारेकरी उभे होते. तिथे आले की सर खडू खाली ठेवत. "उरलेलं पुस्तकात वाचा."

"सर, हे परीक्षेला येतं!"

"म्हणूनच वाचा."

मला आधी हसू यायचं. नंतर येईनासं झालं.

*

यंदा सरांचं रिटायरमेंटचं वर्ष. आणि प्राचार्यांनी सांगितलं, वीस मुलं मिळाली नाहीत तर सरांचा ग्रीसवरचा ऐच्छिक पेपर कायमचा बंद. नोटीस बोर्डावरच्या यादीत नावं होती सात! सर गेल्यावर तो पेपर मी शिकवणार होते. माझा जीव टांगणीला लागला.

सरांनी यादी काढून टाकली. तिच्या जागी नोटीस लावली: 'प्रवेश मर्यादित. परवानगीशिवाय नाव लिहू नये.' रजिस्टर आणि गव्हर्नरवरचं आपलं पुस्तक एका टेबलावर ठेवलं आणि बाजूच्या स्टुलावर आमचे वॉचमन नाना बसवले. नाना साक्रीकडचे, मिशीवाले, कडक. त्यांना हुकूम एकच: "नाना, जेवण झालं की जरा डोळा लागू द्या, कुणी नाव लिहिलं तर बघू नका."

दुसऱ्या दिवशी रजिस्टरमध्ये एक्केचाळीस नावं! शेवटचं नाव मोठ्या, वळणदार अक्षरात. नानांचं.

"नाना, हे काय?"

"सर, तुम्हीन सांगं, देखू नका. मी देखं नही. पन बसल्या बसल्या तुमनं पुस्तक वाची काढं, बठ्ठं!"

*

नाना परीक्षेला बसणार नव्हते. पण ड्युटी सांभाळून मागच्या बाकावर येऊन बसत. सरांच्या शेवटच्या लेक्चरलाही आले. मी त्यांच्या शेजारीच होते. वर्ग गच्च भरला होता.

सर गव्हर्नरला घेऊन चर्चपर्यंत आले. रविवारची सकाळ झाली. सरांनी खडू खाली ठेवला.



नाना उठले. टोपी नीट केली, चालत वर्गाच्या दारापाशी गेले आणि बाहेर तोंड करून ताठ उभे राहिले.

"सर, दारमां मी उभा शे. आते सांगा."