रंग तोच आहे

लग्नानंतर चार वर्षं मी मार्केट यार्डामागच्या एका मसाल्याच्या कारखान्यात पाकिटं भरायला जात होते. मिरची दळायच्या यंत्रावर पन्नाशीच्या एक मावशी होत्या. कात्रजहून यायच्या, कुणाशी फारसं बोलायच्या नाहीत.

यंत्राच्या पट्ट्यावर लोखंडी जाळी हवी. पण पट्टा सारखा घसरायचा आणि दरवेळी जाळी काढण्यात वेळ जायचा, म्हणून मालकांनी ती कायमची काढून भिंतीला टेकवली होती. मावशी चालत्या यंत्रावरच पट्टा काठीनं सरकवायच्या. एका दुपारी काठी निसटली आणि पट्ट्यानं त्यांचा हात चाकात ओढला. मी धावत जाऊन खटका पाडला. खाली ठेवलेल्या तिखटाच्या घमेल्यावर रक्त उडालं होतं.

मालक केबिनमधून बाहेर आले. पहिला प्रश्न, "मशीन कुणी बंद केलं?"

दोन हमालांनी मावशींना रिक्षात घालून नेलं. मालक घमेल्यापाशी वाकले. "वरचं तेवढं काढा, बाकीचं चाळून घ्या. रंग तोच आहे."

मला तिथंच उलटी झाली. तोंड पुसलं आणि सगळं घमेलं गटारात ओतलं.

"एवढं नाजूक असेल तर घरी बसावं," मालक म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी जाळी बसली, तिला रंगसुद्धा लावला. दुपारी सरकारी तपासणीचे साहेब आले. बशीतल्या काजूकतल्या खात त्यांनी आम्हाला विचारलं, "जाळी नेहमी असते ना?"

सगळ्या बायका पाकिटं भरत राहिल्या.

"आज सकाळी बसवलीय," मी म्हणाले. "हात लावून बघा, रंग ओला आहे."

साहेबांनी रुमालानं बोटं पुसली आणि मालकांना विचारलं, "या नवीन आहेत का?"

कागदावर मावशींचा निष्काळजीपणा नोंदवला गेला. त्यांची तीन बोटं गेली. मला सोमवारपासून येऊ नका म्हणून सांगितलं.

मी कात्रजला त्यांना भेटायला गेले, तर त्या माझ्यावरच उखडल्या. "तू कशाला बोललीस गं? आता मला परत कोण घेणार?"

त्यांना परत घेतलं, झाडू मारायला. पुढं एकदा रस्त्यात भेटल्या. डाव्या हातात पिशवी होती, उजवा पदराखाली. मालकांनी केवढी माणुसकी दाखवली ते त्या सांगत होत्या. मी पुरतं ऐकूनही घेतलं नाही. "येते हं मावशी," म्हणाले आणि रस्ता ओलांडला.